पीएस-टूवरचे डोक्याचे खेळ, माझ्या पक्षपातासकट

कोल्हापुरात प्लेस्टेशन म्हटलं की फुटबॉल, यात चर्चा नाही. पेठेत ज्याच्या घरी पीएस-टू, म्हणजे दुसरं प्लेस्टेशन, त्याच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग आणि आत दोन कंट्रोलरांवर अख्ख्या तालमीचा हक्क. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी वेगळं काही नव्हतं. दादाची टोळी शाहू स्टेडियमवर सामना बघून यायची आणि त्यातली भांडणं ब्राझील आणि इटलीच्या नावाने टीव्हीवर पुढे चालू ठेवायची. मला तो खेळ जमला नाही आणि खरं सांगायचं तर आवडलाही नाही. बटण दाबायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसून विचार करता येतो, असे खेळ मला हवे होते. पीएस-टूवर त्यांना तोटा नव्हता, फक्त आमच्या गल्लीत ते कोणाला ठाऊक नव्हते.

आता मी पतसंस्था आणि दूध संस्थांचं ऑडिट करते, त्यामुळे आकड्यांच्या तक्त्यांत रमणं हा आजार मानायचा की पोटापाण्याचा धंदा, ते तुम्ही ठरवा. दादाचा मुलगा बारावी झाला आणि माळ्यावरून ते जुनं यंत्र खाली घेऊन आला. "आत्या, यात डोकं लावायचे कुठले गेम हायत ते एकदा लिहून दे की." म्हणून हे लिहिते आहे. यादी माझी आहे आणि आवडनिवडही माझीच, तेव्हा समतोलाची अपेक्षा ठेवू नका.

यंत्राबद्दल थोडं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पीएस-टू जपानमध्ये ४ मार्च २००० ला आला आणि २०१३ उजाडेपर्यंत तो बनत राहिला. आत मेमरी ३२ एमबी, मेमरी कार्ड ८ एमबीचं. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्यात चालतात, म्हणून मी तेही खेळ यादीत धरले आहेत. फक्त एक गोम आहे. जुन्या डिस्कवरचा खेळ जुन्या, १२८ केबीच्या कार्डावरच सेव्ह होतो. पीएस-टूच्या कार्डावर ती फाइल कॉपी करून ठेवता येते, पण तिथून खेळता येत नाही. जुनं कार्ड नसेल तर आधी ते शोधा, मग डिस्क.

आणि मुख्य म्हणजे माऊस नाही. आमच्या पिढीने स्ट्रॅटेजी शिकली ती सायबर कॅफेत, एज ऑफ एम्पायर्सवर. तासाला पैसे भरायचे, शेजारच्या केबिनमधल्या मुलाच्या गावावर घोडदळ घालायचं आणि तो उठून बघायला आला की स्क्रीन झाकायची. तिथली सवय घेऊन कन्सोलवर आलं की पहिल्या दहा मिनिटांत चिडचीड होते. कंट्रोलरने बाण सरकवत सरकवत सैनिकांपर्यंत न्यायचा, तोवर सैनिक मेलेले असतात. पहिल्या प्लेस्टेशनवरचा रेड अलर्ट हा याचा नमुना. खेळ उत्तम, मित्रराष्ट्रांची एक डिस्क आणि सोव्हिएतची एक, टेस्ला कॉइल नावाचा विजेचा मनोरा त्याच थाटात कडाडतो. पण हातात माऊस नसेल तर आपण शत्रूशी कमी आणि बाणाशी जास्त लढतो. त्या यंत्रासाठी माऊस वेगळा मिळायचा आणि या खेळाला तो चालतो, पण आमच्याकडे तो कोणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भागसुद्धा पीएस-टूवर निघाला होता, कोनामीने काढला होता. त्याला यूएसबी कीबोर्ड आणि माऊस जोडता येतात. पण एवढं सगळं जोडायचं तर माणसाने कॉम्प्युटरच का घेऊ नये?

या जातीतला मला सहन होणारा एकच, आर्मी मेन: आरटीएस. हिरव्या आणि पिवळसर प्लॅस्टिकच्या सैनिकांचं युद्ध, रणांगण घरातलं आणि अंगणातलं, पडलेली खेळणी वितळवून प्लॅस्टिक मिळवायचं आणि त्यातून नवीन सैनिक घडवायचे. लहान मुलांसोबत बसून खेळायला झकास. त्यापलीकडे फार अपेक्षा नको.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: या यंत्रावर तेच खेळ टिकले ज्यांनी माऊसची आठवणच येऊ दिली नाही. म्हणजे चौकटींचा पट, एका वेळी एक माणूस, त्याची चाल संपली की पुढचा. वेळ आपल्या हातात. तुम्ही मध्येच उठून कुकरची शिट्टी बंद करून आलात तरी शत्रू तिथेच उभा. घरच्या बाईमाणसाला हा फायदा किती मोठा, ते खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानात होतं की नाही कोण जाणे.

वेळ आपल्या हातात म्हटलं खरं, पण त्या काळात तो लोडशेडिंगच्या हातात होता. या जातीच्या बहुतेक खेळांत चालू लढाई सेव्ह होत नाही. एक लढाई पाऊण तास चालते आणि सेव्ह करायचं ते लढाई संपल्यावर. पेपरात आलेलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून मी टीव्हीच्या कडेला चिकटवलं होतं. वीज जायला अर्धा तास उरला असेल तर नवीन लढाई सुरू करायची नाही, दुकानात जाऊन तलवारी बघायच्या, माणसांची कौशल्यं लावायची, हिशेब करायचा. आई म्हणायची, "एवढं शिस्तीत अभ्यास केला असतास तर." वेळापत्रकाबाहेर वीज गेली की मात्र शिस्तीचा काही उपयोग नव्हता.

आता खऱ्या यादीकडे. पहिला नंबर फायनल फँटसी टॅक्टिक्स, आणि तो पीएस-टूचा नाहीच, पहिल्या प्लेस्टेशनचा आहे. जपानमध्ये १९९७, अमेरिकेत १९९८. आपल्याकडची यंत्रं पालवाली, म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीची, आणि पालमध्ये हा खेळ त्या काळी निघालाच नाही, कारण युरोपात तो आणलाच गेला नव्हता. म्हणजे अमेरिकन डिस्क आणि ती चालावी म्हणून चिप मारलेलं यंत्र. ते जमलं तरी आमच्या जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं यायचं, कारण टीव्हीला एनटीएससी या अमेरिकन पद्धतीचे रंग कळत नव्हते. मी अर्धा खेळ तसाच खेळले. कोणता चौकोन निळा आणि कोणता लाल हे अंदाजाने. पुढे घरात नवीन टीव्ही आला, तेव्हा कळलं की नायक रामझाचे केस सोनेरी आहेत.

यासुमी मात्सुनोने दिग्दर्शित केलेला हा खेळ. इव्हालिस नावाचं राज्य, गादीवरून भांडणारे दोन सरदार, आणि त्यांच्यातलं युद्ध इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धावरून घेतलेलं. रामझा हा मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा, डेलिटा त्याच घरात वाढलेला पण गरिबाचा. दोघे मित्र. डेलिटाच्या बहिणीचं जे होतं, ते मी सांगणार नाही. पण तिथून दोघांचे रस्ते फुटतात. डेलिटा एकेकाला वापरत वर चढतो आणि इतिहास त्याला थोर राजा म्हणून लक्षात ठेवतो. रामझाचं नाव पुसलं जातं, कारण त्याची खरी हकीकत ज्या कागदांत होती ते धर्मपीठाने दडपले. सगळी गोष्ट सांगतो एक इतिहासकार, शेकडो वर्षांनी ते कागद हाती आल्यावर. एक खरी आणि एक दाखवायची अशा दोन वह्या ठेवणारी संस्था म्हणजे काय हे मला नोकरीत फार उशिरा कळलं, पण ओळखीचं वाटलं ते यामुळे. इंग्रजी भाषांतर मात्र पहिल्या आवृत्तीत इतकं बेंगरूळ आहे की काही संवाद दोनदा वाचूनही हाती काही लागत नाही.

लढाईतली खुबी दोन गोष्टींत आहे. एक, उंची. पट सपाट नाही, घरांची छपरं, कडे, पायऱ्या. डॉर्टर नावाच्या व्यापारी गावात खेळाच्या सुरुवातीलाच एक लढाई आहे, छपरावर तिरंदाज आणि खाली तुम्ही. वरून सोडलेला बाण लांब जातो. तिथे निम्मे लोक खेळ सोडून देतात असं मला वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. मोठा मंत्र म्हणायला घेतला की तो लगेच पडत नाही, मधल्या काळात इतरांच्या चाली होतात. मंत्र जागेवर सोडला असेल तर शत्रू तिथून सरकतो. माणसावर सोडला असेल तर तो माणूस धावत येऊन तुमच्याच टोळीत उभा राहतो आणि मंत्र सगळ्यांवर पडतो. म्हणून चालींची यादी उघडून कोण कोणाच्या आधी येतो ते बघायची सवय लागते, आणि ती लागली की खेळ कळला.

आपला माणूस पडला की डोक्यावर तीन आकडा येतो. त्याच्या तीन पाळ्या जाईपर्यंत उठवलं नाही किंवा लढाई जिंकली नाही, तर तो कायमचा गेला. त्याच्या जागी स्फटिक नाहीतर पेटी उरते. इथे कंजूषपणा करू नका, पडलेल्याला उठवणारं फिनिक्स डाऊन भरपूर घेऊन ठेवा.

आणि एक इशारा. रिओव्हानेस किल्ल्यात लागोपाठ लढाया आहेत आणि पहिलीनंतर खेळ गोड बोलून विचारतो, सेव्ह करायचं का? करा, पण वेगळ्या जागेवर. पुढची लढाई रामझाला एकट्याने लढायची आहे, विग्राफ नावाच्या तगड्या शत्रूशी, आणि तिथून मागे फिरून तयारी करायला वाट नाही. माझ्या भाच्याने नेमक्या एकुलत्या एका फाइलवर सेव्ह केलं. मी आधी सांगितलं होतं. "आत्या, तू सांगितलंवतंस, पण मला वाटलं जमंल." आता तो पुन्हा पहिल्यापासून खेळतोय आणि यावेळी सरळ किल्ल्याबाहेरच दिवसच्या दिवस सराव करत बसलाय. गेल्या वर्षी, ३० सप्टेंबर २०२५ ला, याची नवी आवृत्ती निघाली आहे, भाषांतर सुधारलेलं, आवाजही भरलेले. तिथे ही कटकट कमी आहे म्हणतात. पण त्याला जुनीच हवी.

दुसरा नंबर, आणि प्रेमाच्या हिशेबात पहिला, डिसगाया: अवर ऑफ डार्कनेस. निप्पॉन इचीने २००३ मध्ये काढलेला, अस्सल पीएस-टूचा. राक्षसांच्या राज्याचा युवराज लाहार्ल दोन वर्षं झोपून उठतो तर बाप मेलेला आणि सरदार मोकाट. गोष्ट सगळी चेष्टेची, पण त्या चेष्टेखाली हिशेबाचं जे यंत्र आहे ना, ते बघून माझी छाती दडपली होती. लेव्हल शंभरावर थांबत नाही, ९९९९ पर्यंत जाते. मग त्या माणसाला पुनर्जन्म देऊन परत एकपासून सुरू करायचं, आणि मागच्या जन्मीची पुण्याई थोडी जमेला. माणसाने माणसाला डोक्यावर उचलायचं, त्याने तिसऱ्याला, मग अख्खी उतरंड पलीकडे फेकायची. शत्रू उचलून शत्रूवर फेकला तर दोघांचा मिळून एक होतो, लेव्हल वाढलेला. प्रिनी नावाचे पेंग्विनसारखे नोकर आहेत, पापी माणसांचे आत्मे त्यात भरलेले. त्यांना फेकलं की स्फोट होतो. भाचा यावर इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली.

जमिनीवर रंगीत चौकटी असतात आणि त्या रंगाला गुण चिकटलेले: इथे उभा राहील त्याचा मार दुप्पट, तिथे उभ्याला कोणी इजाच करू शकत नाही. गुण देणारे खडे वेगळे ठेवलेले. वेगळ्या रंगाचा खडा त्या चौकटीवर फोडला की सगळी जमीन रंग बदलते, वर उभे असतील त्यांना मार बसतो, त्यातून दुसरा खडा फुटतो, मग तिसरा. खडा नीट निवडला तर शत्रूला हात न लावता अर्ध्याहून जास्त पट साफ. कधीकधी मी लढायचं सोडून फक्त हेच मांडत बसायची.

पण कोल्हापूरच्या माणसाने डिसगाया खेळायचा तो काळ्या सभेसाठी. दुकानात चांगला माल हवा, नवीन जातीचा सैनिक हवा, अगदी शत्रू जास्त तगडे हवेत, तरी सभेत ठराव मांडावा लागतो. सभासद राक्षस. कोण तुमच्या बाजूचा, कोण विरोधात, ते आधी दिसतं. जो डळमळीत आहे त्याला लाच द्या. काय आवडेल ते बघून वस्तू पुढे करा, मग त्याचं मन वळतं. आणि ठराव पडलाच तर शेवटचा पर्याय आहे, विरोधकांना तिथेच बडवून ठराव मंजूर करून घ्यायचा. ज्या जिल्ह्यात दूध संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेतर्फे मत देणारे, निवडणुकीआधी सहलीवर जातात, तिथे हे कोणाला शिकवायला नको. भाच्याला मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दादा मागे पेपर वाचत होता. त्याने वर न बघता विचारलं, "पॅनेल कुणाचं?"

वस्तूंच्या आत जग आहे हा आणखी एक वेडेपणा. कुठलीही तलवार घ्या, अगदी खायची गोळीसुद्धा, तिच्या आत शिरायचं आणि मजला दर मजला उतरत जायचं. साध्या वस्तूत तीस मजले, दुर्मीळ असेल तर साठ, त्याहून भारी असेल तर शंभर. जितकं खाली जाल तितकी ती वस्तू सुधारते. बाहेर पडायची सोय दर दहा मजल्यांनी, मध्ये सेव्ह नाही. लोडशेडिंगच्या काळात सातव्या मजल्यावर असताना ट्यूबलाइट फडफडली की काय व्हायचं, ते इथे छापण्यासारखं नाही.

याच निप्पॉन इचीच्या फँटम ब्रेव्हबद्दल कोणी फारसं बोलत नाही. त्यात मारोना नावाची तेरा वर्षांची अनाथ मुलगी आहे, तिला भुतं दिसतात. बेटांवरचे लोक तिच्याकडून कामं करून घेतात, पैसे देताना नाक मुरडतात आणि तिला झपाटलेली म्हणतात. ती तरीही हसून पुढच्या कामाला जाते. पहिल्या तासात मला त्या पोरीसाठी इतका राग आला की खेळ बंद करावासा वाटला. लढाईची रीत मात्र अगदी निराळी. पटावर चौकटीच नाहीत. मारोना एकटी मैदानात उतरते आणि तिथे पडलेल्या दगडात, झाडात, फुलात भुताला शरीर देते. दगडात घातलं तर भूत कणखर, दुसऱ्या कशात घातलं तर चपळ नाहीतर मंत्रात हुशार. काही पाळ्यांनी ते नाहीसं होतं, तेव्हा कोणाला कधी बोलवायचं हाच खेळ. सगळ्यांना पहिल्याच चालीत उतरवलं की शेवटी मारोना एकटी उरते.

यंत्रमानवांची आवड असेल तर फ्रंट मिशन ३, पुन्हा पहिल्या प्लेस्टेशनचा, आणि हा पालमध्ये सरळ मिळतो. वान्झर म्हणजे चालतं यंत्र, त्याचे दोन हात, पाय आणि धड वेगवेगळे. बंदूक धरलेला हात उडवला तर तो निःशस्त्र, पाय उडवले तर जाग्यावर, धड फुटलं तर संपला. कधी चालकच बाहेर फेकला जातो, कधी समोरचा शरण येतो आणि त्याचं यंत्र आपल्याला मिळतं. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा माझा एक मावसभाऊ तासन्‌तास नुसते सुटे भाग जुळवत बसायचा, लढाई मला खेळायला लावायचा. सुरुवातीला मित्राबरोबर जायचं की नाही एवढा एक साधा प्रश्न येतो आणि त्या उत्तरावर दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी निघतात, दोन्ही भल्या मोठ्या. पीएस-टूवरचा चौथा भाग दिसायला चांगला आहे, पण फार रेंगाळतो.

त्यापेक्षा कोनामीचा रिंग ऑफ रेड बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले अशी कल्पना, आणि साठच्या दशकातली लोखंडी, धूर ओकणारी चालती यंत्रं. नकाशावर पाळीपाळीने चाल, पण दोन यंत्रं भिडली की घड्याळ सुरू. नेम धरून ठेवला तर लागण्याची टक्केवारी हळूहळू चढते. साठावर सोडू की ऐंशीपर्यंत थांबू? समोरचाही थांबलेला आहे. एवढ्या साध्या गोष्टीत इतका ताण मी दुसरीकडे अनुभवला नाही. बांधून मारल्यासारखा संथ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

राहता राहिला कोएईचा केसेन. यंत्राबरोबर त्याच दिवशी बाजारात आला होता. सन १६०० ची सेकिगाहाराची लढाई, तोकुगावा इएयासू विरुद्ध इशिदा मित्सुनारी. घोडदळ पडदाभर दौडतं ते बघायला छान, पण मला त्यातला लढाईआधीचा भाग आवडतो: समोरच्या कुठल्या सरदाराला फितवता येईल ते चाचपायचं. खऱ्या लढाईतही कोबायाकावा हिदेआकी ऐनवेळी फिरला आणि पारडं तिथेच झुकलं. हे खेळताना पन्हाळा मनात येतोच. मार्च ते जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, तहाची बोलणी, दोन पालख्या. लोक म्हणतात यावर घोडखिंडीच्या लढाईचा खेळ व्हावा. माझ्या मते खिंड हा शेवटचा अर्धा तास. खरा खेळ आधीच्या चार महिन्यांत आहे: गडावर धान्य किती, वेढा कुठे सैल, शत्रूला गाफील ठेवायला कोणता निरोप कधी धाडायचा. कोएईच्या पद्धतीने तो बनला तर मी ऑडिटची कामं सोडून बसेन. मार्च एंड वगळून.

नव्याने सुरू करणाऱ्याने डिसगायापासून करावं, टॅक्टिक्सकडे मग वळावं, आणि तेव्हा दोन फाइली ठेवाव्यात. फ्रंट मिशनला सुट्टी हवी. माझ्याकडे फँटम ब्रेव्हच्या दोन डिस्क झाल्या आहेत, एक भाच्याने हौसेने आणलेली. रिंग ऑफ रेडची माझी डिस्क मात्र ओरखड्यांनी तिसऱ्या लढाईत अडकते. कोणाकडे चांगली असेल तर अदलाबदल करू. पेठेतला असाल तर मीच येऊन घेऊन जाईन, रविवारी सकाळी, सामना नसेल तेव्हा.